ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार: गोळी कुठली, दारू किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. नाताळ उलटला की दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, इथे चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांचा हरणाचा मोसम सुरू होतो आणि मी पाय गोठवून घ्यायला रानात जातो. मूळ गाव कुडाळकडचं. आज्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. तिला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई. ते राहून गेलेलं कुतूहल मी चाळिशीत, डॉलर मोजून भागवलं. ऑक्टोबर लागला की इथल्या मराठी मित्रांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो.

हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. चितळ-सांबराचा विचारही तिकडे करू नका.

काडतूसच नाही, तर मग या बंदुकीत भरायचं काय?

आधी दारू, मग गोळी, आणि शेवटी पेटवण. दारू नळीच्या तोंडातून ओतायची, तिच्यावर गोळी ठेवून गजाने ठासत थेट दारूला टेकवायची. पेटवण बंदुकीप्रमाणे बदलते. चकमकीच्या बंदुकीत कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकाशी, चिमूटभर बारीक दारू टाकतात, तिला आपल्याकडे रंजक म्हणतात. टोपीच्या बंदुकीत निपलवर, म्हणजे पोकळ बोंडावर, तांब्याची टोपी बसवतात. आजच्या इनलाइन बंदुकीत, जिची पेटवण नळीच्या सरळ रेषेत असते, मागून २०९ नंबरचा प्रायमर घालतात, छऱ्याच्या काडतुसात असतो तोच. टोपी, प्रायमर किंवा रंजक नेहमी सगळ्यांत शेवटी, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून. हा क्रम कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून बदलायचा नाही.

‘१०० ग्रेन’ म्हणजे १०० ग्रॅमच ना?

नाही हो! हा गोंधळ जिवावर बेतेल. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.

सोनाराच्या दुकानात वाढलेल्यांना सोपं करून सांगतो. ब्रिटिश काळात ठरलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. ५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच भोकाच्या, बंदुकीत जी शिशाची गोल गोळी घालतात तिचं वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे तोळाभर शिसं. ५४ कॅलिबरची गोळी सव्वा तोळ्याची. आणि तिला ढकलायला लागते अर्धा तोळा दारू. हा हिशेब पहिल्यांदा जमला तेव्हा मला आज्याची बंदूक एकदम समजल्यासारखी वाटली.

दारू वजनाने मोजायची की मापाने?

मापाने. पितळेचं सरकतं माप मिळतं, त्यावर आकडे कोरलेले असतात. ते आकडे ‘एवढ्या ग्रेन काळ्या दारूला जेवढी जागा लागते तेवढी जागा’ असं सांगतात. वाटीभर पोहे आणि वाटीभर साखर यांचं वजन सारखं नसतं, तसंच दारूचं. पायरोडेक्स ही पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा बरीच हलकी असते, पण मापाला माप घेतली तर काम जवळजवळ तेवढंच करते. ती तराजूवर काळ्या दारूच्या वजनाइतकी घेतलीत तर बार भलताच जड होईल.

तराजूवर तोलतात ती मुख्यतः ब्लॅकहॉर्न २०९ ही दुसरी पर्यायी दारू. तिच्यासाठी गुणोत्तर ०.७ चं: मापाने १०० ग्रेन म्हणजे वजनाने ७०. मापाने १२० म्हणजे वजनाने ८४, आणि ती तिची शेवटची हद्द. कागदावर लिहिताना ‘मापाने’ की ‘वजनाने’ हा शब्द आकड्याशेजारी लिहाच. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

बाजारात इतक्या प्रकारच्या दारू आहेत. कुठली घेऊ?

तुमची बंदूक चकमकीची असेल तर प्रश्न संपला: खरी काळी दारू. गोएक्स, स्विस, शुट्झन, जी मिळेल ती. पंच्याहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा, दहा टक्के गंधक ही तिची जुनीच कृती. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन वगैरे पर्यायी दारवांना पेट घ्यायला जास्त उष्णता लागते. गारगोटीच्या ठिणगीने रंजक पेटते आणि आतला बार मात्र थंड बसतो. ‘फुसका बार’ हा शब्द मराठीत कुठून आला ते त्या दिवशी कळतं.

काळ्या दारूत दाण्याचे आकार असतात आणि ते इंग्रजी एफ किती त्यावर ओळखतात. एक एफ सर्वांत जाड, चार एफ पावडरीसारखी बारीक. ५० आणि ५४ कॅलिबरला दोन एफ घ्या. ४५ आणि त्याहून लहान नळीला तीन एफ. चार एफ फक्त रंजकेसाठी. काहीजण ५० कॅलिबरमध्येही तीन एफ वापरतात आणि ती चालते, पण बारीक दाणा लवकर जळतो, दाब जास्त चढतो. तेव्हा दोन एफचा आकडा उचलून तीन एफला लावायचा नाही, दहा-पंधरा टक्के खाली उतरून सुरुवात करायची.

टोपीची बंदूक असेल तर काळी दारू किंवा पायरोडेक्स. सुटीच घ्या, टिकल्या (दाबून केलेल्या वड्या) नकोत.

इनलाइनवाल्यांपुढे ताट भरलेलं आहे. पायरोडेक्स स्वस्त, पण तिची राख लोखंड खाते. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्यामुळे सडक्या अंड्याचा वास नाही, आणि ती साध्या पाण्याने धुतली जाते. मात्र मापाला माप ती काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोरकस आहे, तेव्हा तेवढं माप कमी करायचं. शिवाय गोळी जिथे बसते तिथे नळीत ती राखेचं कडं धरते, दुसरी गोळी ठासताना हात तिथे अडतो. ब्लॅकहॉर्न महाग, पण घाण अगदी कमी आणि हवेतली ओल धरत नाही. तिला २०९ प्रायमरच लागतो आणि ब्रीच प्लगही, म्हणजे नळीचं मागचं बूचही, तिला मानवणारं हवं. माझ्या मते इनलाइन घेतलीच आहे तर ब्लॅकहॉर्नसाठी जरा खिसा सैल करावा.

साध्या रायफलच्या काडतुसातली बिनधुराची दारू थोडीशी घातली तर?

नाही. चिमूटभरही नाही, मिसळूनही नाही. ठासणीच्या बंदुकीची नळी त्या दाबासाठी बनवलेली नसते, ती फाटते, आणि फाटते तेव्हा तुमचा डावा हात तिच्याखाली असतो. सॅव्हेजची १० एमएल ही एक बंदूक मुद्दाम बिनधुराच्या दारूसाठी बनवलेली होती. तुमच्या बंदुकीच्या नळीवर आणि पुस्तिकेत तसं स्पष्ट छापलेलं नसेल तर तुमची बंदूक ती नव्हे. ब्लॅकहॉर्न दिसायला वेगळी वाटली तरी ती काळ्या दारूची पर्यायी म्हणूनच विकली जाते, तिच्यावरून भलते निष्कर्ष काढू नका.

गोल गोळी, लांबट गोळी, सॅबो: माझ्या बंदुकीला काय चालेल?

हा प्रश्न दुकानात गोळी बघून सुटत नाही, नळीत बघून सुटतो. नळीच्या आत पिळाचे आटे असतात. गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला किती इंच लागतात तो आकडा महत्त्वाचा.

६० ते ७२ इंचांत एक फेरा असेल, म्हणजे पीळ सैल असेल, तर चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी घ्या. जुन्या धाटणीच्या लांब बंदुका या वर्गातल्या. २८ इंचांत एक फेरा असेल, पीळ घट्ट असेल, तर लांब गोळी आणि सॅबो (प्लॅस्टिकच्या टोपड्यातली गोळी). आजच्या बहुतेक इनलाइन अशाच. मधला ४८ इंचांचा पीळ हा तह आहे. १९७० मध्ये आलेल्या थॉम्पसन सेंटर कंपनीच्या हॉकन बंदुकीने तो घराघरांत नेला. त्यात गोल गोळीही चालते आणि आखूड, जाडजूड शिशाची लांबट गोळीही.

घट्ट पिळात गोल गोळी भरभरून दारूने मारलीत तर ती आट्यांवरून घसरते आणि कुठेही जाते. सैल पिळात लांब गोळी पुरेशी फिरत नाही, आडवी होते, कागदावर भोकाऐवजी चावीच्या आकाराची चीर पडते. पिळाचा आकडा बहुधा नळीवर किंवा पुस्तिकेत असतो. नसेल तर गजाला घट्ट चिंधी लावून नळीत सरकवा, गजावर खूण करा आणि किती इंचांत तो किती फिरतो ते बघा. पाच मिनिटांचं काम.

गोल गोळीने खरंच हरीण पडतं? फारच लहान वाटते.

पडतं. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब बंदुकांनी इथली घरं गोल गोळीवरच जेवत होती. पण गोल वस्तू हवा फार वाईट कापते. ५० कॅलिबरची गोळी ९० ग्रेन दारूवर सेकंदाला १,८०० ते १,९०० फूट वेगाने निघते आणि १०० यार्डांवर पोचेपर्यंत जवळजवळ चाळीस टक्के वेग हरवून बसते. म्हणून माझी स्वतःची हद्द ७५ यार्ड. त्यापलीकडचं हरीण मी नुसतं बघतो.

शिसं शुद्ध, मऊ हवं. बॅटरीच्या किंवा चाकाच्या वजनांच्या मिश्रणातलं कडक शिसं गोल गोळीला नको.

इनलाइनसाठी नेमकी कुठली गोळी घेऊ?

५० कॅलिबरमध्ये २५० ते ३०० ग्रेनची, सॅबोत बसवलेली, हरणासाठी पुरून उरते. सॅबो म्हणजे प्लॅस्टिकचं टोपडं: गोळी नळीपेक्षा बारीक असते, टोपडं आट्यांना धरतं आणि नळीबाहेर पडल्यावर गळून पडतं. हॉर्नेडी कंपनीच्या एसएसटी किंवा एक्सटीपी, नुसत्या तांब्याच्या हव्या असतील तर बार्न्सच्या, या सहज मिळतात. शिशाच्या लांबट गोळ्यांत हॉर्नेडीची ३८५ ग्रेनची ग्रेट प्लेन्स आहे. जड, मंद आणि विश्वासू, बैलगाडीसारखी.

एक सावधानता. मऊ शिशावर तांब्याचा नुसता पातळ मुलामा दिलेल्या हलक्या गोळ्या १५० ग्रेन दारूने जवळून मारल्या तर हाडाला लागून फुटतात. माझ्या एका मित्राने तशा बाराने चाळीस यार्डांवरच्या नराच्या खांद्यात मारली. अर्धं पुढचं मांस फेकावं लागलं आणि नर दोन टेकड्या ओलांडून सापडला. दोष गोळीचा नव्हता, बाराचा होता. तीच गोळी ८०-९० ग्रेनवर नीट काम करते.

बरं, पण दारू किती ते सांगा ना!

सांगतो, पण आधी तुमच्या बंदुकीची पुस्तिका उघडा. तिथली कमाल मर्यादा ही शेवटची. माझा, दुकानदाराचा किंवा रेंजवरच्या काकांचा आकडा तिच्या वर जात असेल तर तो विसरा.

चिंधी आणि गोल गोळी, ५० कॅलिबर, दोन एफ काळी दारू: ६० ग्रेनपासून सुरुवात करा. लाकडी टेकूवर बंदूक ठेवून ५० यार्डांवर तीन बार काढा. मग ६५, मग ७०. दर तीन भोकांभोवती पेन्सिलीने गोल काढून आत आकडा लिहा. भोकं जवळ येत जातात, एका मापावर सर्वांत जवळ येतात आणि मग पुन्हा पसरू लागतात. जिथे सर्वांत जवळ आली तो तुमचा बार. बहुतेक ५० कॅलिबर ७० ते ९० च्या मध्ये कुठेतरी स्थिरावतात. माझी ७५ वर बसली. तीच कंपनी, तेच मॉडेल, शेजाऱ्याची ८५ वर. का, ते बंदुकीलाच माहीत.

इनलाइन, २५० ग्रेनची सॅबोतली गोळी: सुटी दारू मापाने ८० पासून १०० पर्यंत, याच रीतीने. ब्लॅकहॉर्न १०० मापाने चांगली चालते. ३८५ ग्रेनच्या जड गोळीला ८०-९० बस्स, नाहीतर खांद्याला आयोडेक्स.

एका दिवसात एकच गोष्ट बदला. दारूही बदलली, गोळीही बदलली आणि चिंधीही, तर भोकं कशामुळे जवळ आली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

डब्यावर तर तीन टिकल्या, १५० ग्रेन, ‘मॅग्नम’ असं लिहिलंय. तेवढी का नको?

टिकल्या म्हणजे दारूच्या दाबून केलेल्या वड्या, बहुधा ५० ग्रेनच्या. मोजायची कटकट नाही, थंडीने बधिर बोटांना सोपं, म्हणून लोकांना आवडतात. गैरसोय अशी की ५०, १००, १५० अशाच उड्या मारता येतात. ८५ वर खूश होणारी बंदूक तुम्हाला कधी कळणारच नाही.

तिसऱ्या टिकलीचं म्हणाल तर दारू दीडपट होते, वेग सव्वापटही होत नाही. नळीची लांबी ठरलेली, तेवढ्या वेळात जेवढी जळेल तेवढीच कामाची. उरलेली तोंडातून आग बनून बाहेर पडते आणि बर्फावर काळा सडा दिसतो. धक्का मात्र पुरा मिळतो, आणि धक्क्याला भ्यायलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. हरीण काही गव्याइतकं नसतं. दोन टिकल्या पुष्कळ झाल्या.

पायरोडेक्सच्या टिकलीचं एक टोक गडद असतं. ते पेटवणीकडे, म्हणजे खाली जायला हवं. उलटी टाकलीत तर पेट घ्यायला कुरकुर करते.

बार बरोबर बसतोय की नाही ते गोळी न शोधता कसं कळणार?

चिंध्या गोळा करा! गोल गोळीवाल्यांसाठी ही फुकटची प्रयोगशाळा आहे आणि नव्वद टक्के लोक ती पायदळी तुडवून घरी जातात.

बार काढला की नळीपुढे दहा-पंधरा पावलांवर चिंधी पडलेली असते. उचलून तळहातावर पसरा. मधोमध गोळीचा राखाडी गोल ठसा, भोवती आट्यांच्या फिकट रेघा, कडा किंचित झालरीसारख्या विसकटलेल्या: उत्तम. मध्यभागी जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे, तेल-मेण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. कडेला सुरीने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीचं तोंड किंवा आटे धारदार आहेत. नव्या नळीत हे होतं, शे-दीडशे बारांनी कडा बोथट होतात. चिंधीच्या चिंध्या झाल्या असतील तर कापडच टाकाऊ.

कापड शंभर टक्के सुती हवं, दाट विणीचं. गादीच्या खोळीचं कापड सर्वांत छान. नायलॉन मिसळलेलं वितळून नळीला चिकटतं. ०.४९० इंचाच्या गोळीला ०.०१५ इंच जाडीपासून सुरुवात करा. अंगठ्याने ती तोंडात आपणहून शिरत असेल तर सैल आहे, हातोडी शोधावी लागत असेल तर घट्ट.

चाप ओढला, रंजक उडाली, पण बार झाला नाही. काय करू?

बंदूक खांद्यावरून काढू नका, रोख तसाच ठेवा आणि मनात साठ मोजा. बार उशिरा पेटू शकतो. त्यानंतर कान सुईने साफ करा, नवी रंजक घाला, पुन्हा प्रयत्न करा. नळीत तोंडाने फुंकर वगैरे कदापि नको.

नवशिके रंजक जास्त घालतात. तीन ते पाच ग्रेन पुरे. कानाचं भोक रंजकेने बुजलं तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि ‘फिस्स... धडाम’ असा लांबलचक आवाज येतो. भोक मोकळं ठेवलं तर ज्वाळा सरळ आत उडी मारते, आणि ‘फिस्स’ व ‘धडाम’ एकच ऐकू येतात.

दारू न घालताच गोळी ठासली. मी एकटाच असा आहे का?

नाही. मीही आहे. पहिल्याच मोसमात, पहाटे, उजव्या हाताचा मोजा दातात धरून गप्पा मारत मारत. गोळी तळाशी बसली आणि दारूचं शिंगाडं अजून बुचासकट खांद्याला तसंच. तासभर हिरमुसलो.

चकमकीच्या बंदुकीत कानातून चिमटी-चिमटीने बारीक दारू आत सरकवून, गोळी पुन्हा खाली टेकली आहे याची गजाने खात्री करून, सुरक्षित मातीच्या बांधात ती उडवता येते. वायूच्या छोट्या नळकांड्याने गोळी बाहेर ढकलायचं साधनही मिळतं. इनलाइनचा ब्रीच प्लग काढून गोळी ढकला की झालं.

यावर कायमचा उपाय म्हणजे गजावर खुणा. रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी एक रेघ, योग्य बार भरल्यावर दुसरी. गज दुसऱ्या रेघेवर उभा राहिला नाही तर काहीतरी चुकलंय: दारू नाही, किंवा दुप्पट आहे, किंवा गोळी अधांतरी अडकली आहे. अधांतरी गोळी सर्वांत घातक, नळी तिथेच फुगते किंवा फुटते. आणि दारू डब्यातून किंवा शिंगाड्यातून थेट नळीत कधी ओतू नका. आत निखारा असला तर अख्खा डबा हातात उडतो. दारू आधी मापात घ्यायची, मग मापातून नळीत.

सगळ्या राज्यांत हेच चालतं का?

अजिबात नाही. गोळी विकत घ्यायच्या आधी राज्याची पुस्तिका वाचा. पेनसिल्व्हेनियात हिवाळी मोसमाला चकमकच लागते आणि नळी किमान ४४ कॅलिबरची, टोपी-प्रायमर नाही. हा मोसम १९७४ पासून आहे. ऑक्टोबरातल्या छोट्या मोसमात मात्र इनलाइन चालते. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात दुर्बीण नाही, सॅबो नाही, टिकल्या नाहीत, हरणाला किमान ४० कॅलिबर. आयडाहोतही खास ठासणीच्या मोसमात सॅबो आणि टिकल्या बंद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच नाही.

केंद्रीय कायदा साध्या ठासणीच्या बंदुकीला पुरातन वस्तूत काढतो म्हणून निर्धास्त होऊ नका. न्यू जर्सीत ती घ्यायला ओळखपत्र लागतं. एडिसनच्या मंडळींनी नोंद घ्यावी. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारा, मला नको.

शिशाचे कण मांसात येतात का?

येतात. मंद गोळी वेगवान रायफलच्या गोळीपेक्षा कमी फुटते, पण जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर मी तांब्याची गोळी घेतो. त्या वर्षी चकमक घरी, इनलाइन रानात. मालवणी मसाल्यात मांडीचं मांस असं लागतं की सासूबाईंनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

भरलेली बंदूक रात्रभर ठेवली तर चालेल?

पेटवण काढलेली बंदूक पुष्कळ राज्यांत रिकामी धरतात, पण तुमच्या राज्याचं तपासा. खरा शत्रू ओल. थंडगार बंदूक उबदार घरात आणली की नळीत दव धरतं आणि सकाळी दारूचा चिखल झालेला असतो. तिला कुलूपबंद पण थंड जागीच राहू द्या. मी काळ्या दारूच्या बाबतीत हा जुगार खेळतच नाही, संध्याकाळी मातीच्या बांधात बार काढतो आणि धुतो.

विमानातून दारू नेता येईल का?

नाही. ना हातातल्या बॅगेत, ना खालच्या. टोप्या-प्रायमरही नाहीत. जाल तिथे विकत घ्या, किंवा गाडीने जा.

साफ कधी करायची?

त्याच दिवशी. जेवायच्या आधी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, दुसऱ्या दिवशी नळीत तांबडं फूल उमलतं. गरम पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, चिंध्यांवर चिंध्या, मग कोरडं, मग तेल. ब्लॅकहॉर्नची राख मात्र पाण्याला दाद देत नाही, तिला रायफलचं सॉल्व्हंट लागतं. मोसमाच्या सकाळी बार भरण्याआधी तेल पुसून नळी कोरडी करा. तेलकट तळावर ओतलेली दारू हा फुसक्या बाराचा दुसरा कारखाना.

बार झाला, सगळीकडे धूर, हरीण दिसेना. लागली की नाही?

धुराच्या बाजूला वाकून बघा, वरून नव्हे. पळताना शेपटी खाली होती की वर, कुठल्या झाडामागे गेलं, एवढं डोक्यात धरा. मग जागेवरच पुन्हा बार भरा. हात कापत असतात, म्हणून गजावरची रेघ बघा. अर्धा तास बसा. गोल गोळी कितीदा तरी आरपार जात नाही, पलीकडे भोक नसतं, रक्त पोटातच साठतं आणि पहिल्या तीस-चाळीस पावलांवर थेंबही दिसत नाही. हरीण जिथे उभं होतं तिथे आधी केस शोधा. मग उतारावर, काटेरी झुडपांच्या उंचीवर, पानांच्या खालच्या बाजूला बघा. माझ्या शेवटच्या मादीचं पहिलं रक्त एका बीच झाडाच्या पानाच्या पोटाला लागलं होतं, आणि ती तिथून वीस पावलांवर, ओढ्याच्या कडेला, बर्फात बसल्यासारखी पडली होती.